फोर्ट हूड गोळीबार (२००९)

फोर्ट हूड गोळीबार ही अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील किलीन शहरालगत असलेल्या फोर्ट हूड या लष्करी तळावर ५ नोव्हेंबर २००९ रोजी घडलेली हत्याकांडाची घटना होय. लष्करात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मेजर निदाल मलिक हसन याने केलेल्या या गोळीबारात १३ जण मृत्युमुखी पडले आणि ३० हून अधिक जखमी झाले. या घटनेला दहशतवादी हल्ला म्हणावे की नाही आणि लष्करी तळावर सैनिकांना स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगू द्यावे की नाही, या दोन प्रश्नांवर अमेरिकेत अनेक वर्षे वाद चालला.

घटना

परदेशी मोहिमेवर जाणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या सैनिकांची वैद्यकीय तपासणी व कागदपत्रे ज्या केंद्रात पूर्ण केली जात, तेथे दुपारी दीडच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. खुद्द हसन याचीही लवकरच अफगाणिस्तानात रवानगी होणार होती. मृतांमध्ये १२ सैनिक व एक नागरी कर्मचारी होता. सैनिकांपैकी एक स्त्री गर्भवती होती. केंद्रातील सैनिकांजवळ शस्त्रे नव्हती. तळावरील नागरी पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांनी हसन जखमी होऊन कोसळला आणि त्याच्या शरीराचा कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. वापरलेले पिस्तूल त्याने त्याच वर्षी किलीनमधील एका दुकानातून कायदेशीररीत्या विकत घेतले होते.

पूर्वसूचना व चौकशी

डिसेंबर २००८ ते जून २००९ या काळात हसन याने येमेनमध्ये राहणारा कट्टरपंथी धर्मोपदेशक अन्वर अल-अवलाकी याला ईमेल पाठवले होते. ते एफबीआयच्या हाती लागले होते. परंतु हा पत्रव्यवहार त्याच्या वैद्यकीय संशोधनाशी संबंधित असावा, असा निष्कर्ष काढून तपास पुढे नेण्यात आला नाही. सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा समितीचे जोसेफ लीबरमन व सुझन कॉलिन्स यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात संरक्षण विभाग व एफबीआय या दोहोंवर ठपका ठेवला. हसन याच्या वाढत्या कट्टरतेची चिन्हे सहकारी व वरिष्ठांना दिसत असूनही त्याच्यावर कारवाई झाली नाही, हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. एफबीआयचे माजी संचालक विल्यम वेब्स्टर यांच्या आयोगाने २०१२ मध्ये तपासातील त्रुटी दाखवून दिल्या.

वर्गीकरणाचा वाद

संरक्षण विभागाने घटनेनंतरच्या सुधारणांचा विचार करताना ती ‘कामाच्या ठिकाणचा हिंसाचार’ या व्यापक सदरात मांडली. या शब्दप्रयोगावर जखमींनी, मृतांच्या कुटुंबीयांनी आणि संसदेतील अनेक सदस्यांनी तीव्र आक्षेप घेतला. परकीय दहशतवादी विचारसरणीने प्रेरित होऊन केलेल्या हल्ल्याची गणना कार्यालयीन भांडणातून झालेल्या हिंसेबरोबर करणे म्हणजे वस्तुस्थितीवर पांघरूण घालणे होय, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्या बाजूचे युक्तिवाद मुख्यतः कायद्याचे होते. अमेरिकी कायद्यात दहशतवादाची एकच व्याख्या नाही. फौजदारी संहितेतील व्याख्या लोकांना धमकावण्याच्या किंवा सरकारी धोरणावर दबाव आणण्याच्या हेतूवर भर देते. मात्र देशांतर्गत दहशतवाद असा शिक्षापात्र स्वतंत्र गुन्हा संघराज्याच्या कायद्यात नाही. परराष्ट्र विभागाच्या वार्षिक अहवालासाठी केलेली व्याख्या ‘लढाईत सहभागी नसलेल्या’ लक्ष्यांवरील हिंसेपुरती आहे. गणवेशातील सैनिक या वर्गात मोडतात का, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. युद्धक्षेत्राबाहेर असलेले सैनिकही त्यात येतात, असा अर्थ त्या विभागाने लावलेला आहे. शिवाय हसन याने कोणत्याही संघटनेच्या आदेशावरून हल्ला केल्याचा पुरावा मिळाला नव्हता.

खटला

खटला लष्करी न्यायसंहितेखाली लष्करी न्यायालयात चालला. त्यात दहशतवादाचा आरोप नव्हता. १३ पूर्वनियोजित हत्या व ३२ हत्येचे प्रयत्न असे आरोप ठेवण्यात आले. आरोपीला सरकारनेच आधी दहशतवादी ठरवल्यास निःपक्षपाती सुनावणीच्या त्याच्या हक्काला बाधा येईल आणि शिक्षा अपिलात टिकणार नाही, अशी भीती संरक्षण विभागाने व्यक्त केली होती.

ऑगस्ट २०१३ मधील सुनावणीत हसन याने स्वतःची बाजू स्वतःच मांडली आणि गोळ्या आपणच झाडल्याचे आरंभीच सांगितले. तालिबानच्या नेत्यांच्या रक्षणासाठी आपण हे कृत्य केले, असा बचाव घेण्यास न्यायाधीशांनी आधीच परवानगी नाकारली होती. २३ ऑगस्ट रोजी तो सर्व आरोपांत दोषी ठरला आणि २८ ऑगस्ट रोजी त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. अपिलांमध्ये ही शिक्षा कायम राहिली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयाच्या मृत्युदंडाच्या अंमलबजावणीला राष्ट्राध्यक्षांची मंजुरी लागते. अशी शिक्षा यापूर्वी १९६१ मध्ये अमलात आली होती.

पर्पल हार्ट पदक

वर्गीकरणाच्या वादाचा प्रत्यक्ष परिणाम जखमी सैनिकांवर झाला. शत्रूच्या किंवा परकीय दहशतवाद्यांच्या हल्ल्यात जखमी वा मृत झालेल्यांना पर्पल हार्ट हे पदक मिळते व त्याच्याशी काही आर्थिक व वैद्यकीय लाभ निगडित असतात. फोर्ट हूडच्या सैनिकांना ते प्रथम नाकारण्यात आले. डिसेंबर २०१४ मध्ये संमत झालेल्या कायद्याने निकष विस्तारले: हल्लेखोराचा हल्ल्यापूर्वी परकीय दहशतवादी संघटनेशी संपर्क असेल आणि हल्ल्यामागे त्या संघटनेची प्रेरणा असेल, तर पदक देता येईल, असे ठरले. त्यानुसार एप्रिल २०१५ मध्ये फोर्ट हूड येथे समारंभपूर्वक पदके देण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात फोर्ट हूडचा उल्लेख दहशतवादी हल्ल्यांच्या मालिकेत केला. न्यायालयाच्या निकालपत्रात न आलेली संज्ञा अशा रीतीने सन्मानाच्या नियमांतून व राजकीय भाषेतून मान्य झाली.

शस्त्रनियमांचा वाद

शस्त्र हाच ज्यांचा पेशा, ते सैनिक आपल्याच तळावर निःशस्त्र का होते, हा प्रश्न अनेकांना पडला. तळावर शस्त्र बाळगण्याची मुभा मुख्यतः लष्करी पोलीस व सुरक्षा कर्मचाऱ्यांना असे. हे निर्बंध राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी आणले, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात संरक्षण विभागाचा मूळ निर्देश फेब्रुवारी १९९२ मधील, म्हणजे जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या कारकिर्दीतील आहे; क्लिंटन यांच्या काळात, मार्च १९९३ मध्ये, भूदलाने त्याला अनुसरून आपली नियमावली काढली.

शस्त्र बाळगू देण्याच्या बाजूचे लोक म्हणत की पोलीस पोहोचेपर्यंतच्या मिनिटांत सशस्त्र सैनिकांनी काही जीव वाचवले असते. विरोधकांच्या मते गोंधळात हल्लेखोर कोण व बचाव करणारा कोण, हे पोलिसांना ओळखता येणार नाही. शिवाय अपघात, आत्महत्या व आपसांतील हिंसा यांचा धोका वाढेल. २ एप्रिल २०१४ रोजी याच तळावर एका सैनिकाने तिघांना ठार करून आत्महत्या केली. त्यामागे दहशतवादाचा संबंध आढळला नाही. या घटनेचा आधार दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने घेतला.

जुलै २०१५ मध्ये टेनेसीतील चॅटनूगा येथे लष्करी केंद्रांवर झालेल्या हल्ल्यात पाच जण मृत्युमुखी पडल्यावर संसदेने संरक्षणमंत्र्यांना नवी कार्यपद्धती ठरवण्यास सांगितले. नोव्हेंबर २०१६ मधील सुधारित निर्देशानुसार, तळाच्या अधिकाऱ्यांना पात्र सैनिकांना खासगी शस्त्र बाळगण्याची ठरावीक मुदतीची परवानगी देता येऊ लागली. सरसकट मुभा मात्र देण्यात आली नाही. निर्णय त्या त्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवण्यात आला.