एकमत झालं, पण कोणाला वगळून?

‘मंडळी’ हा शब्द आपण श्रोत्यांसाठी वापरतो आणि मराठी ख्रिस्ती समाज तोच शब्द चर्चसाठी वापरतो. आजचा विषय त्या दुसऱ्या अर्थाच्या मंडळीचा आहे. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत वांशिक न्यायाच्या प्रश्नावर एकमत कसं शोधलं गेलं, ते का मोडलं आणि पुन्हा कसं सांधलं गेलं, हे आपण पाहू. या मंडळीशी आपला संबंध अगदीच दूरचा नाही. १८७० पासून कोल्हापूरचं मिशन याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे होतं, आणि मिरजेचं वॉन्लेस रुग्णालय त्याच कार्यातून उभं राहिलं.

आधी रचना समजून घेऊ. प्रेस्बिटर म्हणजे वडील. या पंथात बिशप नसतो. पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील मिळून कारभार पाहतात. स्थानिक मंडळी, तिच्या वर प्रेस्बिटरी, मग सिनड आणि सर्वांत वर महासभा. प्रत्येक निर्णय चर्चा करून, मतदान घेऊन होतो आणि इतिवृत्तात नोंदला जातो. त्यामुळे इथलं भांडण झाकून राहत नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला ही मोठीच सोय आहे.

आता १८१८ सालची महासभा बघा. गुलामगिरी ही मानवी हक्कांची घोर पायमल्ली आहे आणि ईश्वराच्या नियमाशी विसंगत आहे, असा ठराव त्या सभेने सर्वानुमते संमत केला. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्याही प्रतिनिधींनी त्याला मत दिलं. वाचताना वाटतं, प्रश्न सुटला! पण त्याच ठरावात घाईने मुक्तता करण्याविरुद्ध इशाराही होता. आणि त्याच महासभेत व्हर्जिनियाचे पाळक जॉर्ज बोर्न यांची पदच्युती कायम करण्यात आली. बोर्न यांचं म्हणणं साधं होतं: माणसाला मालमत्ता मानणाऱ्याला मंडळीत जागा नको. म्हणजे काय, तर गुलामगिरी वाईट आहे असं म्हणायला हरकत नव्हती, पण अमुक एक सभासद ती करतो असं म्हणायला होती. असं एकमत सर्वांना परवडतं, कारण ते कोणाकडूनच काही मागत नाही.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगतो. १८३७ मध्ये मंडळी ‘जुना पंथ’ आणि ‘नवा पंथ’ अशी फुटली. वाद उघडपणे सिद्धांताचा आणि कारभाराचा होता, पण गुलामगिरीचा प्रश्न त्याच्या बुडाशी होताच. १८४५ मध्ये जुन्या पंथाच्या महासभेने सांगून टाकलं की केवळ गुलाम बाळगणं हे प्रभुभोजनाच्या सहभागितेआड येत नाही. १८५७ मध्ये नवा पंथ फुटला आणि १८६१ मध्ये, यादवी युद्ध पेटल्यावर, जुनाही. त्या डिसेंबरात दक्षिणेच्या प्रतिनिधींनी जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे स्वतंत्र मंडळी स्थापन केली.

या दक्षिणी मंडळीचे तत्त्वज्ञ होते जेम्स हेन्ली थॉर्नवेल. त्यांचा सिद्धांत असा की मंडळी ही आध्यात्मिक संस्था आहे, राज्यव्यवस्थेच्या प्रश्नांत तिने पडू नये. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे या युक्तिवादापाशी जरा थांबावंसं वाटतं. कार्यक्षेत्राची मर्यादा असणं यात गैर काही नाही. पण गुलामगिरी ही बायबलला मान्य असलेली व्यवस्था आहे, असं समर्थन थॉर्नवेल स्वतःच करत होते. म्हणजे बाजूने बोलणं हे धर्माच्या कक्षेत आणि विरुद्ध बोलणं मात्र राजकारण! मौनाचा नियम सगळ्यांना एकसारखा लागू होत नसेल तर ते तटस्थपण नव्हे, बरं का. तीही एक बाजूच असते.

तुम्ही म्हणाल, हे दक्षिणेचं झालं. तर उत्तरेचं ऐका. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेच्या मंडळीला कंबरलंड प्रेस्बिटेरियन मंडळीशी एकीकरण करायचं होतं. त्या मंडळीचा पाया दक्षिणेत होता. १९०६ मध्ये एकीकरण झालं, पण त्यासाठी एकाच प्रदेशात वंशानुसार वेगळ्या प्रेस्बिटरी ठेवायला मुभा दिली गेली. वॉशिंग्टनचे पाळक फ्रान्सिस ग्रिमके यांनी कडाडून विरोध केला. ते गुलाम आईच्या पोटी जन्मलेले होते, आणि या एकीची किंमत कोणाकडून वसूल होणार हे त्यांना नीट दिसत होतं. गोऱ्यांतली दुफळी मिटली, पण ती काळ्या सभासदांच्या वाट्यातून.

१९५४ मध्ये चित्र बदललं. शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल आला, आणि काही दिवसांतच दक्षिणी मंडळीच्याच महासभेने सक्तीचं विलगीकरण ख्रिस्ती नीतीशी विसंगत असल्याचं जाहीर केलं. पण पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रेस्बिटरींनी उत्तरेशी एकीकरण फेटाळलं, आणि वंशाचा प्रश्न हे त्याचं एक कारण होतं. वरची सभा पुढे गेली, खालचे बाक जागेवरच राहिले. १९६४ मध्ये मेम्फिसमधल्या एका मोठ्या मंडळीने काळ्या उपासकांना दारातच अडवलं, तेव्हा पुढच्या वर्षी तिथे ठरलेली महासभा दुसरीकडे हलवण्यात आली. ठरावाला पहिल्यांदाच काही किंमत चिकटली.

उत्तरेची परीक्षा १९७१ मध्ये झाली. अँजेला डेव्हिस या कम्युनिस्ट कार्यकर्तीच्या न्यायालयीन बचावासाठी मंडळीच्या वांशिक प्रश्नांच्या समितीने दहा हजार डॉलर दिले. देशभर सभासद संतापले. तेव्हा काही काळ्या प्रेस्बिटेरियनांनी तेवढीच रक्कम आपल्या खिशातून मंडळीला दिली. भूमिका सोडली नाही आणि घरही सोडलं नाही. आम्हाला ही कृती कित्येक ठरावांपेक्षा बोलकी वाटते.

१९७३ मध्ये दक्षिणेतला एक पुराणमतवादी गट बाहेर पडला. उरलेल्या दोन्ही मंडळ्या अखेर १९८३ मध्ये अटलांटात एक झाल्या. १८६१ ची फूट सांधायला १२२ वर्षं लागली! यावेळच्या करारात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. ज्या दक्षिणी मंडळ्यांना एकी नको होती त्यांना ठरावीक मुदतीत मालमत्तेसह बाहेर पडण्याची वाट होती. आणि सर्व वंशांच्या लोकांना कारभारात जागा मिळते की नाही हे पाहणारी समिती घटनेतच होती.

शेवटचा टप्पा बेलहार कबुलीचा. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या ‘मिश्रवर्णीय’ ठरवलेल्या लोकांच्या रिफॉर्म्ड मंडळीने १९८२ मध्ये तिचा मसुदा केला आणि १९८६ मध्ये ती स्वीकारली. अमेरिकन मंडळीने ती आपल्या कबुलींत घ्यायची ठरवली, तर दोन तृतीयांश प्रेस्बिटरींची संमती हवी. पहिल्या प्रयत्नात तेवढी मतं पडली नाहीत. पुन्हा चर्चा, पुन्हा मतदान, आणि २०१६ मध्ये ती स्वीकारली गेली. १८१८ चा ठराव ज्यांच्याविषयी होता ते सभेबाहेर होते. बेलहारचे शब्द मात्र अन्याय सोसलेल्यांनीच लिहिलेले आहेत.

तर एकमत मोजायचं कशाने? हात किती वर झाले, एवढ्याने नाही. सभागृहात कोण बसलं होतं, आणि ठराव झाल्यावर दुसऱ्या दिवशी कोणाला काय सोडावं लागलं, हे विचारायचं. १८१८ मध्ये एकही हात विरोधात नव्हता, आणि सोडावं लागलं ते फक्त जॉर्ज बोर्न यांना.