कोडिंग : स्वतः शिकावं की बूटकॅम्प लावावा?

बारावी किंवा पदवीनंतर कोडिंग घरी बसून शिकता येतं का, की फी भरून बूटकॅम्पच लावायला हवा, हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांतली मुलं आणि पालक आम्हाला वारंवार विचारतात. बूटकॅम्प म्हणजे काही महिन्यांत प्रोग्रामिंग शिकवून नोकरीसाठी तयार करणारा सलग कोर्स. ही लाट साधारण २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डेव्ह बूटकॅम्प’पासून उठली. ती संस्था २०१७ मध्ये बंदही पडली.

शिकण्याचं साहित्य विकत घ्यायची गरज नाही. हार्वर्डचा ‘सीएस५०’, ‘फ्रीकोडकॅम्प’, ‘द ओडिन प्रोजेक्ट’ सगळं फुकट आहे. आपल्याकडे एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स मोफत मिळतात, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. अडचण वेगळीच असते. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, बंद केला की एक ओळ लिहिता येत नाही. एखादी एरर दोन दिवस सुटत नाही आणि विचारायला कुणी नसतं. उर्दू-मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीही आडवी येते. आणि मोबाईलवर कोडिंग जमत नाही, जुना का होईना, लॅपटॉप लागतोच.

बूटकॅम्प खरं तर वेळापत्रक, शिक्षक आणि सोबत विकतो. ते मोलाचं आहे, पण किती पैशांत?

‘नोकरी लागल्यावर फी द्या’ ही जाहिरात नीट वाचा. अमेरिकेतल्या लॅम्बडा स्कूलने (नंतरचं नाव ब्लूमटेक) हेच सांगून मुलं घेतली. ७१ ते ८६ टक्के मुलांना नोकरी लागते, असा त्यांचा दावा होता. प्रत्यक्षात आकडा ५० टक्क्यांच्या आसपास निघाला. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने हा करार म्हणजे कर्जच असल्याचं सांगून संस्थेला कर्ज देण्यास कायमची बंदी घातली. आपल्याकडेही कोर्सचा ‘ईएमआय’ बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. मुलाने कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही. व्याजापासून लांब राहणाऱ्या घरांनी तर सहीआधी कर्ज देणारं कोण आणि एकूण परतफेड किती, हे लेखी मागावंच.

आमचं मत विचाराल तर आधी दोन महिने सीएस५० करून बघा. आधी स्क्रॅच, मग सी, पुढे पायथन असा क्रम आहे. सीमधल्या पॉइंटरपाशी बरेच जण अडकतात. दोघं-तिघं मिळून रोज ठरल्या वेळी बसलात तर तेही सुटतं. तरीही गाडी पुढे सरकली नाही, तर बूटकॅम्पची चौकशी करा; तिथल्या मागच्या बॅचच्या चार मुलांशी मात्र स्वतः बोला, संस्थेने निवडून दिलेल्या नव्हे.