ड्रम स्कॅनिंग : मोठ्या फिल्मपासून मोठ्या छपाईपर्यंत

चार बाय पाच इंचांच्या फिल्मवर टिपलेले एखादे निसर्गचित्र प्रकाशाच्या पेटीवर ठेवून भिंगातून पाहिले, तर दूरच्या टेकडीवरील झाडांची फांदीन्‌फांदी वेगळी दिसते. तेच चित्र संगणकात उतरवून भिंतीएवढे छापले, की पुष्कळदा फांद्या एकमेकींत मिसळतात आणि सावलीतील तपशील काळ्या डागात हरवून जातो. दोष बहुधा छायाचित्रकाराचा किंवा छपाई करणाऱ्याचा नसून मधल्या टप्प्याचा, म्हणजे स्कॅनिंगचा असतो. हा टप्पा निर्दोष व्हावा यासाठी आजही ज्या यंत्राचे नाव आदराने घेतले जाते, ते यंत्र म्हणजे ड्रम स्कॅनर.

मोठी फिल्म म्हणजे काय?

नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्राची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. 'लार्ज फॉरमॅट' कॅमेऱ्यात गुंडाळीऐवजी एकेक सुटी शीट फिल्म वापरतात. चार बाय पाच आणि आठ बाय दहा इंच हे तिचे प्रचलित आकार होत. चार बाय पाचच्या शीटवर चित्रासाठी उपलब्ध होणारे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या सुमारे १३ पट भरते. त्यामुळे तीच छपाई करताना चित्र कमी पट वाढवावे लागते आणि फिल्मचे कण कमी दिसतात. मात्र ही श्रीमंती छापील कागदावर उतरवायची, तर तिचे वाचनही तितक्याच बारकाईने व्हावे लागते.

यंत्राचे कार्य

ड्रम स्कॅनरमध्ये पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा नळकांडे असलेला ड्रम असतो. फिल्म त्याच्यावर गुंडाळून चिकटपट्टीने पक्की केली जाते. फिल्म आणि ड्रम यांच्यामध्ये एक विशिष्ट द्रव भरतात. या द्रवामुळे हवेचे बुडबुडे राहत नाहीत, बारीक ओरखडे भरून निघतात आणि दोन चकचकीत पृष्ठभाग एकमेकांना टेकल्यावर दिसणारी इंद्रधनुषी वलयेही टळतात.

त्यानंतर ड्रम मिनिटाला शेकडो, काही यंत्रांत हजाराहून अधिक फेरे घेऊ लागतो. प्रकाशाचा अतिशय बारीक ठिपका फिल्ममधून आरपार जातो. तो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन घटकांत विभागला जातो आणि प्रत्येक घटक स्वतंत्र फोटोमल्टिप्लायर ट्यूबपर्यंत पोहोचतो. ही निर्वात नळी अत्यल्प प्रकाशाचेही अनेक पटींनी वाढवलेल्या विद्युत संकेतात रूपांतर करते. ड्रमच्या प्रत्येक फेऱ्यागणिक प्रकाशाचा ठिपका किंचित पुढे सरकतो आणि रेषेमागून रेष वाचत संपूर्ण चित्र साकारते.

सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये हजारो संवेदकांची एक ओळ भिंगामधून एकाच वेळी चित्राची पूर्ण रेषा वाचते. तेथे कडांना धूसरपणा येण्याची आणि उजळ भागातील प्रकाश शेजारच्या काळोख्या भागात पसरण्याची शक्यता असते. ड्रम स्कॅनर एका वेळी एकच बिंदू वाचतो, तोही भिंगाच्या अगदी मध्यातून. मध्यभाग आणि कोपरे सारखेच रेखीव येतात, ते यामुळेच.

घनतेचे गणित

फिल्मचा एखादा भाग किती काळा आहे, हे 'घनता' या मापाने सांगतात. हे माप लघुगणकी आहे. घनता ३ असेल तर पडलेल्या प्रकाशाचा हजारावा भाग पलीकडे जातो. ती ४ असेल तर केवळ दहाहजारावा. रंगीत पारदर्शिकेच्या गडद सावल्या या दुसऱ्या टोकाच्या जवळ जातात. इतक्या क्षीण प्रकाशात साध्या संवेदकाचा स्वतःचा 'आवाज'च चित्रात मिसळतो. फोटोमल्टिप्लायर मात्र तेथूनही तपशील काढू शकतो. रंगीत निगेटिव्हची कमाल घनता तुलनेने कमी असते. म्हणून तेथे हा फायदा घटतो, परंतु रेखीवपणाचा फायदा कायम राहतो.

किती पिक्सेल पुरेत?

चार बाय पाच इंचांची फिल्म इंचाला २,००० पिक्सेल या प्रमाणात वाचली, तर ८,००० बाय १०,००० म्हणजे ८ कोटी पिक्सेल मिळतात. इंचाला ३०० पिक्सेल धरल्यास त्यातून सुमारे २७ बाय ३३ इंचांची छपाई कोणतीही ओढाताण न करता होते. प्रत्येक रंगाला १६ बिट दिल्यास फाइल सुमारे ४८० मेगाबाइटची होते. आठ बाय दहाच्या फिल्मसाठी हेच आकडे चौपट होतात.

आकडा वाढवत नेला की चित्र सुधारतेच, असे नाही. इंचाला ४,००० पिक्सेलचा अर्थ एका पिक्सेलच्या वाट्याला फिल्मचा सुमारे ६ मायक्रॉनचा तुकडा येणे. भिंग, वारा, कॅमेऱ्याचा हादरा यांमुळे मूळ चित्रात तितका तपशील नसेल, तर हाती केवळ फिल्मचे कण आणि जड फाइल येते. जाणकार तंत्रज्ञ छपाईचा आकार आधी विचारून नंतर यंत्र जुळवतो, ते याच कारणाने.

वृत्तपत्रांशी जुने नाते

फिरत्या नळकांड्यावर चित्र गुंडाळून ते बिंदूबिंदूने वाचण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३५ साली तारेवरून छायाचित्रे पाठविण्याची सेवा सुरू केली, ती याच तत्त्वावर. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकात उतरविलेले पहिले छायाचित्रही फिरत्या ड्रमवरूनच वाचले गेले. कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे ते चित्र अवघे १७६ बाय १७६ पिक्सेलचे होते. पुढे रंगीत छपाईसाठी रंगपृथक्करण करणारी अवजड आणि अतिशय महागडी यंत्रे आली. जर्मनीतील रुडॉल्फ हेल यांची कंपनी आणि ब्रिटनमधील क्रॉसफील्ड ही त्या क्षेत्रातील मोठी नावे. १९९०च्या दशकात कलाछायाचित्रकारांनी ही यंत्रे प्रदर्शनातील मोठ्या छपाईसाठी वापरण्यास प्रारंभ केला.

आजची स्थिती

डिजिटल कॅमेरे सर्वत्र पोहोचल्यानंतर छापखान्यांना स्कॅनिंगची गरज उरली नाही आणि मोठ्या उत्पादकांनी ही यंत्रे बनविणे थांबविले. आज चालू असलेले बहुतेक ड्रम स्कॅनर जुने आहेत. सुटे भाग दुर्मीळ आहेत. काही यंत्रांसाठी तितकाच जुना संगणक जपून ठेवावा लागतो. त्याहून दुर्मीळ आहे तो फिल्म बसविणारा सराईत हात. अनेक संग्रहालये उच्च क्षमतेच्या डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचे छायाचित्र घेण्याचा वेगवान पर्याय स्वीकारत आहेत. तरीही दाट सावल्यांच्या पारदर्शिकेसाठी ड्रमचा आग्रह धरणारे छायाचित्रकार आहेत.

स्कॅनिंगला देण्यापूर्वी

काम सोपविण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. यंत्र खरोखर ड्रमचे आहे का? फिल्म नुसती वाकवून वाचणाऱ्या स्कॅनरच्या कामालाही सैलपणे 'ड्रम स्कॅन' म्हटले जाते. सांगितलेला आकडा यंत्राच्या प्रत्यक्ष वाचनाचा आहे, की संगणकाने मागाहून फुगविलेला? फाइल १६ बिटांची आणि टिफ स्वरूपात मिळेल का? रेखीवपणा कृत्रिमरीत्या वाढविलेला नाही ना? तो संस्कार छपाईच्या वेळी, आकार आणि कागद पाहूनच करणे योग्य. बसविण्याचा द्रव कोणता आणि नंतर फिल्म कशी स्वच्छ करणार, हेही विचारून घ्यावे.

एक सावधगिरी विशेष महत्त्वाची. जुन्या स्टुडिओंतील वा घरातील काचेची निगेटिव्ह ड्रमवर गुंडाळता येत नाहीत. ठिसूळ झालेली, कडक पडलेली फिल्मही वाकविण्याचा धोका पत्करू नये. अशा वस्तूंसाठी सपाट स्कॅनर किंवा कॅमेराच बरा.

उत्तम स्कॅन हाती आल्यावरही मूळ फिल्म टाकून देऊ नये. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत फिल्मवरील जिलेटिनला बुरशी धरते. म्हणून ती कोरड्या, थंड जागी, अभिलेखयोग्य पाकिटात ठेवावी आणि फाइलच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. फाइल खराब झाली तर फिल्मवरून दुसरी करता येईल. मात्र बुरशीने खाल्लेला तपशील कोणतेही यंत्र पुन्हा वाचू शकणार नाही.