गाठीच्या तापाची लस आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचे लोकमानस

श्रींच्या कृपेने आमच्या देवस्थानची ही स्मरणिका निघत आहे आणि तीत महाजन मंडळींपैकी वडीलधाऱ्यांनी काही ना काही लिहावे, असा मुखत्यारांचा आग्रह पडला. देवस्थानचा पूर्वेतिहास, उत्सवपरंपरा, कुळाव्यांचे स्थलांतर या विषयांवर माझ्याहून अधिकारी मंडळी लिहीत आहेतच. मी निवडलेला विषय वरकरणी देवळाबाहेरचा वाटेल. पण त्याचे बीज पडले ते आमच्या अग्रशाळेतच.

मार्च २०२१ मध्ये साठी उलटलेल्यांना करोनाची लस देण्यास आरंभ झाला. ज्यांच्या घरी तरुण मनुष्य नाही, ज्यांना नोंदणीची ती नवी यंत्रे हाताळता येत नाहीत, अशा वयस्क महाजनांची यादी करण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले. मी अग्रशाळेच्या ओसरीवर वही घेऊन बसलो. येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी लस कशाची केली आहे, ती अंगात जाऊन काय करते, असे विचारले. बहुतेकांचा प्रश्न एकच. ऐंशीच्या घरातील एका माईंनी तर वहीवर बोट ठेवून विचारले, “ते सगळे राहू दे. आधी कोणी घेतली ते सांग. तू स्वतः घेतलीस काय रे?”

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे, असे त्या दिवशी मला वाटले होते. पुढे घरात कोंडून पडलेल्या दिवसांत प्लेगच्या काळाविषयी जे मिळाले ते वाचीत गेलो, तेव्हा माझे मत पालटले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात काखेत व जांघेत गाठी येऊन, प्रखर तापाने दोन-चार दिवसांत माणसे दगावू लागली. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग होय, असे निदान ज्याने प्रथम उघडपणे केले तो डॉक्टर आपल्याच भूमीतला, बार्देशातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेला डॉ. अकासियो व्हिएगस. मुंबईसारख्या व्यापारी पेठेत “प्लेग” हा शब्द उच्चारणे म्हणजे बंदरे बंद पाडणे होते. त्यामुळे त्याचे म्हणणे सर्वांना गोड लागले नाही. परंतु ते खरे ठरले. मुंबईत धोबी तलावानजीक त्याचा पुतळा आजही उभा आहे आणि त्यावरून रोज जाणाऱ्या गोमंतकीयांपैकी तो कोणाचा हे किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मी येथे विचारीत नाही.

सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास पाचारण केले. ओदेसा येथे १८६० साली जन्मलेला हा ज्यू गृहस्थ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झाला होता आणि पटकीवरील त्याची लस बंगालात वापरली गेली होती. मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. (त्या कारकुनाचे नाव इतिहासात कुठे झळकत नाही, याचे मला, सारा जन्म कारकुनीत घालविलेल्याला, वाईट वाटल्यावाचून राहत नाही.) लस करण्याची त्याची रीत आपल्या वाचकांस विशेष वाटेल. प्लेगचे जंतू तो मांसाच्या पाण्यात वाढवी आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडी. थेंबांच्या तळाशी जंतू धरत व खाली लोंबत वाढत. गाईचे वा डुकराचे मांस या देशात चालणार नाही, हे ओळखून त्याने ते पाणी बकऱ्याच्या मांसाचे केले होते. पुढे हे जंतू तापवून मारीत आणि तेच मृत जंतू टोचीत.

दिनांक १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. मात्रा पुढे इतरांना दिली त्याहून कितीतरी मोठी होती. ताप आला, दंड सुजला, परंतु तो कामावरून हलला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुशीने टोचून घेतले. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना रोग झाला व सहा दगावले. टोचलेल्यांत लस अंगी लागल्यानंतर दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

इतके डोळ्यांसमोर असूनही लोक टोचून घ्यायला धावले नाहीत. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. ज्या सरकारच्या हाती लस होती त्याच सरकारच्या हाती ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोगांचा कायदा होता. त्या कायद्याने घरात शिरण्याची, रोग्यास उचलून नेण्याची, सामान जाळण्याची मुभा अधिकाऱ्यांस मिळाली. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. इस्पितळात माणसाच्या अंगातून मोमियाई काढतात, अशी वदंता गल्लोगल्ली होती. पुण्यात रँडसाहेबाच्या कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या चालविल्या. देवघरे बाटली, स्त्रियांची भर रस्त्यात तपासणी झाल्याच्या तक्रारी उठल्या. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी काय केले ते शाळकरी मुलांनाही माहीत आहे. आजाराविषयीचे आपले मत आणि आजाराच्या नावाने दारी आलेल्या शिपायाविषयीचे आपले मत ही त्या माणसांना वेगळी ठेवता आली नाहीत. ती ठेवता यायला हवी होती, असे म्हणणे आज सोपे आहे. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. त्यांच्या दारी रोगी नेताना सोजीर लागले नव्हते.

आता आपल्या अधिक जवळचे. दमण तेव्हा पोर्तुगीज इंडियाचा भाग, गोव्याच्या गव्हर्नराच्या अमलाखालचा मुलूख. १८९७ च्या मार्चपासून मे महिन्यापर्यंत तेथे प्लेगने कहर मांडला. पोर्तुगीज सरकारच्या परवानगीने हाफकिन तेथे गेला आणि इंग्रजी कागदपत्रांत ज्याला “लोअर दमण” म्हटले आहे त्या वस्तीत त्याने टोचण्याचे काम केले. २,१९७ जणांनी टोचून घेतले; त्यांपैकी ३६ मेले. ६,०३३ जण टोचून न घेता राहिले. त्यांपैकी १,४८२ मेले. सुज्ञ वाचकांनी हे दोन रकाने एकाखाली एक मांडून पाहावेत. एकीकडे शंभरांत दोन माणसेही नाहीत. दुसरीकडे चारांतला जवळजवळ एक मनुष्य. गोव्यात बसून आपण दमणची आठवण काढली की किल्ला, समुद्र आणि मद्य एवढेच बोलतो. त्या तीन महिन्यांत तेथे घरोघर काय घडले असेल, याची कल्पना या एका आकड्यावरून करता येते.

परंतु जन्मभर रकाने भरलेल्या माणसाला अशा आकड्यांविषयी एक जुनी शंका असते. दमणमध्ये टोचून घ्यायला पुढे आले ते कोण? खाऊनपिऊन सुखी, चार लोकांत वावरणारे, मोकळ्या घरात राहणारे असतील. मागे राहिले ते दाटीवाटीच्या खोपटांत राहणारे, आधीच तापलेले, अंथरुणावर पडलेले असतील. मग मृत्यूतील फरक लसीचा किती आणि घराचा किती? त्या काळच्या टीकाकारांनीही हेच विचारले. हाफकिनला ही शंका रास्त वाटली असावी; कारण पुढल्या वर्षी त्याने जे केले ते या शंकेचेच उत्तर होते.

बडोदे शहरापासून काही मैलांवर उंधेरा नावाचे खेडे आहे. सयाजीराव महाराजांच्या संस्थानातले. १८९८ च्या आरंभी तेथे प्लेग होता. फेब्रुवारीत हाफकिन व त्याचे सहकारी तेथे गेले. गावाची खानेसुमारी घेऊन एकेक कुटुंब समोर बोलावले. प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले, होतील तितके सारखे. पुरुष, बायका, मुले, धडधाकट व अशक्त दोन्हीकडे जुळतील असे. एका भागाला टोचले, दुसऱ्याला नाही. घर तेच, अन्न तेच, छप्पर तेच, उंदीर तेच. सुमारे सहा आठवड्यांनी परत जाऊन हिशेब केला. प्लेग शिरलेली कुटुंबे अठ्ठावीस निघाली. त्यांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले.

शास्त्राच्या दृष्टीने हा पुरावा निर्विवाद. दमणच्या आकड्यांतील पळवाट येथे उरली नाही. लसीचे काम पाहून घेण्याची याहून चोख रीत त्या काळी क्वचितच कोणी वापरली असेल. आणि तरीही मी हा परिच्छेद वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. एकाच पडवीत जेवणाऱ्या भावंडांपैकी एकाचा दंड पुढे, दुसऱ्याचा मागे. सव्वीस माणसे गेली ती पलीकडच्या गावातली नव्हती. लस होती, टोचणारा होता, सुई त्याच अंगणात होती. न टोचता राहिलो ते बरे झाले, असे सुरुवातीला त्यांपैकी काहींना वाटलेही असेल. हाफकिनच्या बाजूने बोलायचे तर, त्या दिवसापर्यंत लसीविषयी खात्री अशी कोणालाच नव्हती आणि शंका मिटल्यावाचून लाखो लोक टोचून घेणार नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माणसांवरील प्रयोगांना जगभर मान्य झालेले दंडक हेलसिंकी येथे १९६४ साली ठरले, आपल्या देशात वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यासंबंधीचे धोरण १९८० साली काढले. उंधेऱ्याला हे सारे फार उशिरा आले.

त्याच १८९८ साली आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यात, हुबळीस, मात्र उलटे चित्र दिसले. तेथे तीस हजारांहून अधिक लोकांनी लस टोचून घेतली, म्हणजे गावातील बहुतेकांनी. मुंबईत खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतःस टोचून घेतले, तेही एकदा नव्हे. आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. मग खोजे हजारोंनी पुढे आले. सरकारी जाहीरनाम्यांनी जे झाले नाही ते ओळखीच्या दंडावरील एका टोचणीने झाले.

विश्वास असा थेंबाथेंबाने साठला आणि एका दिवसात सांडला. पंजाबात मलकोवाल या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचली गेली. एकाच बाटलीतून ज्यांना टोचले असे १९ जण पुढे धनुर्वाताने मेले. बाटलीचे बूच काढताना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे नंतर निष्पन्न झाले. पण खापर फुटले ते हाफकिनच्या डोक्यावर. त्याने लस करण्याच्या रीतीत केलेला बदल कारण ठरविला गेला. त्याला कामावरून दूर करण्यात आले. १९०७ साली मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र छापून त्याची बाजू मांडली, तेव्हा कुठे सरकारने त्याला दोषमुक्त केले. तो परत आला, पण कलकत्त्यास; मुंबईची आपली प्रयोगशाळा त्याला पुन्हा मिळाली नाही. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ पासून असलेल्या त्या संस्थेस १९२५ साली त्याचे नाव दिले गेले. तो १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे वारला.

आपल्याकडे आयुष्याची दोरी वर बांधलेली असते, असे म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो ऐकून बाहेरचे लोक आपल्याला दैववादी ठरवितात. प्लेगचे कागद वाचताना मला तसे दिसले नाही. टोचून घेतले त्यांनी आणि नाकारले त्यांनीही आपापल्या परीने जगण्याचाच हिशेब केला होता. त्या हिशेबात लसीची परीक्षा त्यांना करता येत नव्हती. टोचणाऱ्याची येत होती, आणि ती त्यांनी केली. अग्रशाळेच्या ओसरीवरील माईंचा प्रश्न याच जातीचा होता.

त्यांना मी त्या दिवशी सांगितले, “माझा नंबर अजून आलेला नाही.” ते खरे नव्हते. नंबर आला होता. चार माणसांचे काय होते ते पाहावे, मग आपण जावे, असे मी मनाशी ठरविले होते आणि दुसऱ्यांची नावे मात्र वहीत भरभर लिहीत होतो. माईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, “मग माझे नाव तुझ्या नावाखाली घाल.” मी ती पाने अजून ठेवली आहेत. बत्तिसावे नाव माझे आहे, तेहेतिसावे त्यांचे. आम्ही दोघे एकाच दिवशी, एकाच रिक्षाने गेलो.