ठरावांचे अनुपालन (रायगड किनारपट्टीतील स्थानिक स्वराज्य संस्था)

नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेने ठराव, अंदाजपत्रक अथवा विकास आराखड्याद्वारे जाहीरपणे स्वीकारलेल्या कामाचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवून ती सभेपुढे व नागरिकांपुढे मांडण्याची पद्धती. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा) किनारी भागात उरण, अलिबाग, मुरूड-जंजिरा व श्रीवर्धन या नगरपरिषदा, समुद्र व खाडीकाठच्या ग्रामपंचायती आणि अलिबाग येथे मुख्यालय असलेली जिल्हा परिषद यांच्या कारभाराचा ती भाग आहे.

ऐतिहासिक उदाहरण : ठराव आणि अंमलबजावणी यांतील अंतराचे सर्वांत ठळक उदाहरण याच जिल्ह्यातील, सावित्री नदीकाठच्या महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात सवर्णांच्या विरोधामुळे तळ्यावर काहीच बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तीन वर्षे कागदावर राहिलेला ठराव लोकांनीच अमलात आणला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. तळ्यावरील हक्काचा वाद पुढे न्यायालयात गेला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

कायदेशीर चौकट : नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या, तर जिल्हा परिषद व पंचायत समित्यांचा १९६१ च्या अधिनियमानुसार चालतो. ग्रामपंचायतींना महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम लागू आहे. नगरपरिषदेत ठराव सभा करते व त्याची अंमलबजावणी मुख्याधिकारी करतात. बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी १९६५ च्या अधिनियमातील कलम ३०८ अन्वये स्थगित करू शकतात. त्यामुळे एखादा ठराव का रखडला, हे पाहताना निधी नाही की स्थगिती आहे, हे आधी तपासावे लागते.

नोंदीची साखळी : ग्रामसभेत व मासिक सभेत विषयपत्रिकेवरचा पहिला विषय बहुधा मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतो. त्यातून केवळ मागील निर्णय बरोबर नोंदला गेला एवढेच ठरते. तो पार पडला का, हे त्यात येत नाही. त्यासाठी अनुपालन अहवाल हा वेगळा विषय घ्यावा लागतो. गावात ‘प्रोसिडिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्यवृत्त नोंदवहीत सूचक व अनुमोदकाच्या नावांसह ठराव उतरतो. बांधकामाचा ठराव असेल तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद, देयक आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला असा कागदांचा प्रवास होतो. शेवटचा कागद कोणता, यावरून काम कुठे अडले ते कळते. रक्कम, जबाबदार अधिकारी व मुदत यांचा उल्लेख नसलेला ठराव मात्र या साखळीत शिरतच नाही. अशा ठरावाचे अनुपालन मोजता येत नाही.

ग्रामसभा : वर्षातून किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे त्यांचे रूढ दिवस. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, ती गणपूर्ती मानली जाते. २०१५ पासून ‘आमचा गाव, आमचा विकास’ उपक्रमाखाली गावाचा विकास आराखडा तयार होतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवर आराखडा व खर्च नोंदवला जातो.

बाह्य तपासणी : स्थानिक निधी लेखापरीक्षा खर्चावर आक्षेप नोंदवते व संस्थेला त्यांची पूर्तता करावी लागते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये नागरिक ठरावाची प्रत किंवा मोजमाप पुस्तिका पाहू शकतो. अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अपील करता येते व दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. किनाऱ्यांच्या बाबतीत डेन्मार्कस्थित संस्थेकडून दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन ही आणखी एक कसोटी. २०२५ मध्ये ते श्रीवर्धन व नागाव या किनाऱ्यांना मिळाले. पाण्याची गुणवत्ता, पर्यावरण व्यवस्थापन, पर्यावरण शिक्षण, सुरक्षा व सुविधा यांचे ३३ निकष त्यासाठी पाळावे लागतात, आणि मानांकन टिकवायचे तर ते पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागतात.

मर्यादा : किनाऱ्यावरील अनेक आश्वासनांची पूर्तता एकट्या स्थानिक संस्थेच्या हाती नसते. जेटीचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, भरतीचे पाणी शेतात शिरू न देणाऱ्या बांधांचे खारभूमी विकास विभागाकडे, तर किनाऱ्यालगतच्या बांधकामांना सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते. अशा विषयांवरील ठरावापुढे ‘पत्रव्यवहार केला’ एवढाच शेरा पडतो. ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर नुकसानभरपाई, वीजपुरवठा व बागायती पुनर्लागवड हे प्रश्न महसूल, महावितरण व कृषी अशा वेगवेगळ्या यंत्रणांकडे विभागले गेले होते. दुसरी मर्यादा प्रशासकीय राजवटीची. २०२२ पासून निवडणुका लांबल्याने जिल्हा परिषदेसह अनेक संस्थांवर प्रशासक आले. ठराव करणारा व तो अमलात आणणारा अधिकारी एकच झाला आणि सभागृहात अनुपालनाचा प्रश्न विचारणारा सदस्य उरला नाही. या काळात ग्रामपंचायत पातळीवर ग्रामसभा आणि शहरांत माहितीचा अधिकार हीच नागरिकांच्या हाती उरलेली मुख्य साधने होती.