पंखातील भोके

१९३२ सालच्या ऑक्टोबरची १५ तारीख. टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघालेले ‘पस मॉथ’ जातीचे लहानसे विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. चालक होते जे. आर. डी. टाटा. टाटांच्या या टपालसेवेची मुंबई-दिल्ली शाखा १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी जाऊ लागली आणि माळवाही या हवाई मार्गावर आला.

पस मॉथचे धड पोलादी नळ्यांचे, पंखांचा सांगाडा लाकडी आणि दोहोंवर कापड ताणलेले. कापडावर ‘डोप’ नावाचा लेप देत. तो वाळताना कापड आकसून ढोलकीच्या कातड्यासारखे ताठ होई आणि पाण्यालाही अटकाव होई. तथापि एवढ्या निगुतीने ताणलेल्या कापडास कारागीर मुद्दाम भोके पाडीत.

यास कारण होते. पावसाचे पाणी सांध्यांतून आत शिरतेच. आणि पाऊस नसला तरी दिवसा तापलेली पंखातील हवा रात्री निवून बाष्पाचे थेंब होतात. हे पाणी आत साचून राहिले म्हणजे लाकूड कुजते, सरस सुटतो, नळ्या गंजतात. बाहेरून कापड मात्र पूर्ववत गुळगुळीत दिसते.

म्हणून विमान जमिनीवर उभे असता पाणी कोठे उतरेल, ते आधी पाहावे लागे. शेपूट खाली टेकलेल्या विमानात ती जागा पंखाच्या मागील कडेजवळ, खालच्या अंगास असे. दोन फासळ्यांमधील प्रत्येक कप्प्यास स्वतंत्र भोक हवे. तेथे प्रथम सेल्युलॉइडचे लहान कडे डोपने चिकटवीत आणि ते पक्के बसल्यावरच मधले कापड धारदार पात्याने कापीत. त्यामुळे कड उसवत नसे.

जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा सेवा पुण्यास हलवीत. मैदान बदलता येत होते. हवेतील ओल बदलता येत नव्हती. १९४४ च्या अखेरीस हिंदुस्थानातील काही लाकडी ‘मॉस्किटो’ लढाऊ विमाने उड्डाणातच मोडली आणि उरलेली जमिनीवर ठेवावी लागली. चौकशीत कारखान्यातील जोडकामाचे दोष उघडकीस आले. शिरणाऱ्या ओलीचाही प्रश्न पुढे आला.

कापडी पंखांची विमाने आजही उडतात. उड्डाणापूर्वी दक्ष चालक पंखाखाली वाकतो व एखादे भोक मळाने बुजले नाही ना, हे पाहतो. पाण्यास वाट मोकळी असली, तरच त्याचा मार्ग निर्धोक.