अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि जीवसृष्टि

पृथ्वीच्या कवचांत प्राणवायूच्या खालोखाल विपुल असणारीं दोन मूलद्रव्यें म्हणजे सिलिकॉन व अॅल्युमिनियम. वजनानें पाहतां पहिल्याचा वांटा शेंकडा सुमारें २८ व दुसऱ्याचा सुमारें ८ आहे. यांपैकीं सिलिकॉनचा जीवसृष्टीनें मोठ्या हौसेनें उपयोग केला आहे. भाताचें तूस, गवताचें धारदार पातें, समुद्रांतील डायाटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पतींचें कवच, हीं सर्व त्याचींच कामें. अॅल्युमिनियम मात्र कोणत्याहि जीवाला अवश्य असल्याचें आढळलेलें नाहीं. पायांखालीं एवढा सांठा असतां जीवसृष्टि त्यापासून अलिप्त कशी राहिली?

याचें उत्तर साध्या चिकणमातींत आहे. चिकणमाती म्हणजे या दोघांचा प्राणवायूच्या साहाय्यानें झालेला संयोग. त्यांत अॅल्युमिनियम इतकें घट्ट बांधलेलें असतें कीं, साध्या पाण्यांत तें जवळजवळ विरघळतच नाहीं. आम्लाचा संपर्क झाला म्हणजे मात्र हा बंध सुटूं लागतो.

विसाव्या शतकांत मनुष्यानें नकळत तेंच केलें. कारखान्यांतून कोळसा व तेल जळूं लागलें, त्यांतील गंधक हवेंत गेलें आणि पावसाबरोबर आम्लरूपानें खालीं आलें. नॉर्वे, स्वीडन व अमेरिकेंतील अॅडिरॉन्डॅक पर्वत येथील कित्येक सरोवरें दिसावयास निर्मळ राहिलीं. पण त्यांतील मासे नाहींसे होऊं लागले. १९७९ सालीं क्रोनन व स्कोफील्ड या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, हा पाऊस डोंगरांच्या मातींतून अॅल्युमिनियम सोडवून पाण्यांत आणतो. तें माशांच्या कल्ल्यांवर सांचतें. त्यामुळें श्वास कोंडतो व रक्तांतील क्षार बाहेर झिरपूं लागतात.

मनुष्यहि यांतून सुटला नाहीं. १९७६ सालीं अमेरिकेंत अॅल्फ्रे व त्यांचे सहकारी यांना, कृत्रिम रक्तशुद्धीवर जगणाऱ्या व अखेर बुद्धिभ्रंश होऊन दगावलेल्या रोग्यांच्या मेंदूंत अॅल्युमिनियमचा मोठा सांठा आढळला. निरोगी शरीरांत आंतडीं तें फारसें आंत घेत नाहींत व मूत्रपिंडें उरलेलें बाहेर टाकतात. या रोग्यांना दोन्ही पहारे अपुरे पडले होते. पुढें रक्तशुद्धीचें पाणी कसोशीनें निर्मळ करण्यांत येऊं लागल्यावर ही व्याधि विरळ झाली.

आतां सिलिकॉनकडे वळूं. १९८९ सालीं बर्चल, एक्स्ली व त्यांचे सहकारी यांनीं ब्रिटनमध्यें सॅल्मन माशांच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आम्लधर्मी पाण्यांत प्राणघातक ठरेल इतकें अॅल्युमिनियम असूनहि, त्यांत विरघळलेलें सिलिकॉन, म्हणजे सिलिसिक आम्ल, भरपूर असल्यास पिलें वांचलीं व त्यांचे कल्लेहि शाबूत राहिले. नांवानें आम्ल असलें तरी हें द्रव्य अत्यंत सौम्य आहे. पाण्यांत तें अॅल्युमिनियमशीं संयोग पावतें आणि मग तें अॅल्युमिनियम कल्ल्यांना बाधूं शकत नाहीं. खडकांत असलेला जुना बंध येथें पाण्यांत पुन्हा जुळून आला.

परंतु खडक झिजून पाण्यांत सिलिसिक आम्ल येण्याचें काम फार मंद गतीनें चालतें. आम्लाच्या पावसाला तेवढा धीर नसतो. १९७९ सालीं जिनीव्हा येथें अनेक राष्ट्रांनीं दूरवर पसरणाऱ्या वायुदोषाविषयीं करार केला व पुढें धुरांतील गंधक पुष्कळ कमी झालें. त्यानंतर युरोप-अमेरिकेंतील अनेक सरोवरांत अॅल्युमिनियम उतरलें आणि कांहीं ठिकाणीं मासेहि परतले. पण मातीचें झालेलें नुकसान भरून येण्यास दशकेंच्या दशकें लागतात.